देवसिंग नाईकाचा उजवा डोळा

बायको धनीबाई दारव्ह्याच्या बाजाराला गेली आहे आणि लेक जमनी विहिरीवर धुणं धुते आहे, याची खात्री करून घेऊन देवसिंग नाईकानं घराचं दार आतून लोटलं, धोतराचा काचा मारला आणि तुरीच्या पोत्याला मिठी घातली.

पोतं भिंतीला टेकून उभं होतं. दोन मणांच्या वरचं, तोंड सुतळीनं घट्ट शिवलेलं. देवसिंगानं तांड्याच्या दैवताचं, सेवाभायाचं, नाव घेतलं, छाती भरून श्वास घेतला, तो आत कोंडला, दात आवळले आणि जोर केला. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्या. पोत्याचा एक कोपरा बोटभर वर उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला आणि पुन्हा खाली टेकला. त्याच्यामागोमाग देवसिंगही खाली टेकला.

या उद्योगाला कारण होतं. दोन दिवसांपूर्वी भरदुपारी अवकाळी पाऊस आला, तेव्हा देवसिंग शेजारच्या तांड्यावर एका भांडणाचा निवाडा करायला गेला होता. पोतं ओसरीत उघड्यावर होतं. तुरी भिजल्या या हिशेबानं तो धावतपळत घरी आला, तर पोतं आतल्या खोलीत कोरडं ठणठणीत उभं.

"कोनी उचललं?" त्यानं विचारलं.

"म्या नेलं आत," धनीबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"एकटीनं?"

"मंग? तुमची वाट पाहत बसली असती त आज ओल्या तुरीचं वरन खाल्लं असतं."

देवसिंग नाईक तांड्याचा मुख्य. चार गावचे लोक त्याचा शब्द मानत. बायकोपुढे कौतुक दाखवणं त्याला जमलं नाही. "त्यात काय मोठं," तो म्हणाला, "दोन मनाचं पोतं त लेकरू बी उचलते." धनीबाईनं त्याच्या पोटाकडे पाहून पुढची भाकर तव्यावर टाकली. ते पाहणं देवसिंगाला दोन दिवस टोचत राहिलं. एकदा, निदान एकदा, कुणी नसताना ते पोतं उचलून पाहावं आणि मनातल्या मनात मोकळं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आता तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी लाल ओलं फडकं धरल्यासारखं झालं होतं. दुखत काहीच नव्हतं. तुरीचा भुसा गेला असेल म्हणून त्यानं डोळे चोळले, रांजणातलं पाणी मारलं. फडकं हललं नाही. मग त्यानं एकेक डोळा झाकून पाहिला. डाव्यानं सगळं लख्ख दिसत होतं. उजव्यानं दाराकडे पाहिलं तर चौकट दिसली, पण मधलं दार दिसेना. खिडकीतून अंगणातल्या बैलाकडे पाहिलं तर शिंगं आणि शेपूट दिसली आणि मधला बैल गेला.

कुणाला तरी हाक मारावी म्हणून देवसिंग उठला. पण पोत्याचं नाव काढल्याशिवाय डोळ्याचं नाव काढता येत नव्हतं. त्यानं काचा सोडला, दार उघडलं आणि उद्यापर्यंत बरं होईल असं स्वतःला समजावलं.

उद्या आला तो मोतीबाईची तक्रार घेऊन. मोतीबाई साठीच्या पुढची, तोंडानं फटकळ विधवा. शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी तिच्या वांग्याचा वाफा खाल्ला होता. लिंबाखाली माणसं जमली. माणूस खरं बोलतो की खोटं हे देवसिंग त्याच्या तोंडाकडे बघून ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. त्यानं मोतीबाईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि डोळा सुधारला का हे बघावं म्हणून हळूच डावा डोळा मिटला. मोतीबाईचा पदर दिसला, पायातले वाळे दिसले, मध्ये लाल अंधार. त्यानं डोळा उघडला. खात्री पटेना म्हणून पुन्हा मिटला.

मोतीबाई वांग्यांचा हिशेब सांगता सांगता थांबली.

"नाईक," ती म्हणाली, "हे काय चालवलं?"

"काय?"

"मले डोळा कायले मारून राह्यले?"

लिंबाखालच्या सगळ्यांनी माना वळवल्या. बकऱ्यांचा मालकसुद्धा आपली बाजू विसरला.

"डोळा नाई मारला, मोतीबाई."

"दोनदा मारला! पयल्या वक्ती वाटलं माशी बसली असंल. हे वय हाय का माह्यं? आन तुमचं तरी?"

ओसरीच्या खांबाआड धनीबाई उभी होती. देवसिंगापुढे दोनच वाटा होत्या: अब्रू घालवणं किंवा डोळा गेल्याचं कबूल करणं. त्यानं दुसरी वाट धरली. "उजव्या डोळ्यानं दिसून नाई राह्यलं मले," तो म्हणाला. "कालपासून. म्हनून मिटून पाहत होतो."

मोतीबाईचा राग जागच्या जागी विरघळला. तिनं बकऱ्यांचा दावा बाजूला ठेवला आणि देवसिंगाच्या डोळ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तांडा गोळा झाला. कुणी मध घालायला सांगितला, कुणी गुलाबपाणी. बाळंतिणीच्या दुधाचा शोध सुरू झाला. या सगळ्यांना बाजूला सारून फकिरा पुढे आला.

फकिरा तांड्याचा कारभारी आणि देवसिंगाचा लहानपणापासूनचा मित्र. त्याला प्रत्येक दुखण्याचं कारण ठाऊक असे आणि ते नेहमी एकच असे. "उष्णता," तो म्हणाला. "रगत डोकश्यात चढलं हाय. त्याले वाट पाह्यजे. तपकीर ओढ. धा-पंधरा शिंका आल्या का सारं मोकळं."

देवसिंगानं तपकीर ओढली. त्याला शिंका आल्या त्या धा-पंधरावर थांबल्या नाहीत. गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. शिंका संपल्यावर त्यानं डोळा उघडून पाहिलं, तर फडक्याची आता गोधडी झाली होती. बैलाची शिंगंही गेली.

"चला येवतमाळले," धनीबाई म्हणाली. "आता कोनाचं आयकनार नाई मी."

यवतमाळात मोटर स्टँडच्या मागच्या गल्लीत इंदुताई नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नुकताच दवाखाना थाटला होता. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, सावकाश बोलणाऱ्या. नाईक, त्याची बायको आणि कारभारी असे तिघं आत शिरले तेव्हा त्यांनी तिघांनाही बसायला सांगितलं. देवसिंगाच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबायला लावलं. मग खिडकीचा पडदा ओढून खोलीत अंधार केला आणि बारीक दिवा असलेलं एक हत्यार त्याच्या डोळ्यापाशी आणून त्यातून त्या आत पाहू लागल्या. इतक्या जवळून देवसिंगाच्या डोळ्यांत धनीबाईनंही कधी पाहिलं नव्हतं. तो अवघडून छताकडे बघत राहिला.

"हं," इंदुताई म्हणाल्या. "डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. त्याच्यावर चित्र उमटतं म्हणून आपल्याला दिसतं. तुमच्या पडद्यासमोर, बरोबर मधोमध, रक्त साचलंय. वाटीत कुंकवाचं पाणी ठेवावं तसं. खाली गोल, वरून सपाट. पडदा मात्र शाबूत दिसतो."

"रगतच!" फकिरा म्हणाला. "म्या पयलेच सांगतलं."

"हे रक्त बहुतेक वेळा एकदम जोर केल्यावर येतं. आठवून सांगा. काही जड उचललं होतं?"

धनीबाई शेजारीच बसली होती. देवसिंगानं मान हलवली. "नाई जी."

"खोकल्याची उबळ?"

"नाई."

"ओकाऱ्या?"

"नाई."

"शिंका?"

देवसिंगाला अंधारात दिवा दिसला. "हो जी! शिंका. लय शिंका आल्या. म्हैस बुजली."

"डॉक्टरीणबाई," फकिरा अभिमानानं म्हणाला, "त्या शिंका म्या देल्या. डोळा गेल्यावर. औषीद म्हनून."

इंदुताईंनी चष्म्यावरून फकिराकडे बराच वेळ पाहिलं. "पुन्हा देऊ नका," त्या म्हणाल्या. मग देवसिंगाकडे वळून त्यांनी आवाज थोडा खाली आणला. "सकाळी परसाकडला बसल्यावर फार कुंथावं लागतं का?"

देवसिंग नाईकाला आयुष्यात कुणी बाईमाणसानं हा प्रश्न विचारला नव्हता. तो कानापर्यंत लाल झाला. "मुळीच नाई," तो इतक्या जोरात म्हणाला की बाहेर बसलेले दोन पेशंट आत डोकावले.

इंदुताईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. ठीक होता. लघवी तपासली. साखर नव्हती. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "कारण सापडलं की औषध सोपं असतं, नाईक. जोर केला असेल तर काळजी नाही. केला नसेल, तर रक्त आपोआप का आलं ते मला शोधावं लागेल. छातीचा फोटो काढून आणा. पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात निघेल. मी चिठ्ठी देते."

देवसिंगानं चिठ्ठी घेतली. एक शब्द बोलला असता तर तिथंच सुटला असता. पण धनीबाई त्याच्याकडे एकटक बघत होती, आणि त्याला तव्यावर पडणारी ती भाकर आठवली.

परतीच्या मोटारीत फकिरा गप्प होता. फकिरा गप्प असणं चांगलं लक्षण नव्हतं. तांड्याचा फाटा आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "नाईक, डोळ्याच्या दुखन्याले छातीचा फोटो कायले काढते, मालूम हाय ना?"

"कायले?"

"माह्या साळ्याचा काढला होता," फकिरा म्हणाला आणि देवसिंगापासून वीतभर लांब सरकला. त्याचा साळा क्षयानं गेला होता.

फकिराच्या मनात काही वाईट नव्हतं. काळजीपोटीच त्यानं ही गोष्ट आपल्या बायकोला सांगितली, तिनं काळजीपोटी विहिरीवर सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवसिंग नाईकाची थाळी, लोटा आणि बाज घरातून निघून गोठ्याशेजारच्या छपरात गेली. धनीबाई त्याला लांबून जेवण सरकवी आणि डोळे पुसत आत जाई. निवाड्याला येणारी माणसं आता आवाज चढवून बोलत, कारण ती पार रस्त्यावर उभी असत. एकदा बैलांपुढे कडबा टाकताना धूळ उडून देवसिंगाला खोकला आला, तर जमिनीच्या बांधावरून हमरीतुमरीवर आलेले दोन भाऊ एकमेकांचा हात धरून पळाले. त्यांचं भांडण तिथंच मिटलं. देवसिंगानं एकही शब्द न बोलता मिटवलेला तो पहिला तंटा.

त्याला हसू आलं असतं, पण तिसऱ्या दिवशी पुसदकडच्या तांड्यावरून निरोप आला. जमनीची सगाई तिथल्या रामधनच्या मुलाशी ठरली होती. मुलगा चांगला, नांगराला धरला तर सरळ, बोलायला मऊ. जमनीनं त्याला जत्रेत एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती पाणी भरताना गुणगुणत असे. निरोप मोजका होता: रामधन म्हणतो, घाई नको, पावसाळा सरल्यावर पाहू. पावसाळ्याला अजून उन्हाळा आडवा होता. सगळ्यांना अर्थ कळला.

त्या दिवशी जमनी पाणी भरून आली ती मुकाट्यानं. बापाच्या छपराशी येऊन तिनं घागर खाली ठेवली.

"बा, तुमाले लय तरास होते का?"

"नाई वं बाई."

"मंग झालं," ती म्हणाली. "सगाईचं काय, होत राहीन. तुमी बरे व्हा." आणि घागर उचलून आत गेली. देवसिंग दोन्ही डोळ्यांनी तिच्या पाठीकडे बघत राहिला. डाव्या डोळ्याला ती दिसत होती.

फोटोच्या दिवशी पुन्हा तिघं यवतमाळला गेले. फोटो निघाला. तो घेऊन ते इंदुताईंकडे आले. त्यांनी देवसिंगाच्या डोळ्यांत पुन्हा थेंब घातले, मग तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला, वरून खाली पाहिला, आडवा करून पाहिला.

"छाती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "क्षयाचं चिन्ह नाही."

धनीबाईनं हात जोडले. फकिरानं वीतभर अंतर कमी केलं.

"पण मग रक्त कुठून आलं?" इंदुताई कपाळाला आठी घालून म्हणाल्या. "आता नागपूरला पाठवावं लागेल. तिथं मोठे डॉक्टर आहेत. रक्त तपासतील, आणखी काय काय बघतील. गरज पडली तर डोळ्याच्या बाजूनं सुई..."

"पोतं!" देवसिंग म्हणाला.

पुढे तो सगळ्यांना सांगत असे की त्या क्षणी त्याला जमनीचा चेहरा आठवला. फकिराचं म्हणणं होतं की त्याला सुई आठवली. काही असो, तोंड उघडलं ते उघडलंच.

"काय पोतं?" इंदुताईंनी विचारलं.

"तुरीचं. उचलत होतो."

"श्वास कोंडून?"

"गच्च."

"आणि लगेच दिसेनासं झालं?"

"लगेच. खाली बसलो तवाच."

"उचललं का?"

देवसिंगानं मान खाली घातली. "एक कोपरा."

इंदुताईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. त्या रागावतील असं वाटत होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर हरवलेली किल्ली सापडल्याचा आनंद होता. "अहो नाईक, मग त्या दिवशी का नाही बोललात? श्वास कोंडून जोर केला की छातीतला दाब वर डोक्याकडे चढतो. डोळ्यातल्या शिरा केसापेक्षा बारीक. एखादी फुटते. झालं! नागपूर नको, सुई नको. रक्त आपोआप खाली बसेल, हळूहळू विरेल. डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपा, वाकू नका, ओझं उचलू नका, तपकीर नको. पालेभाजी, पपई खा, म्हणजे कुंथावं लागणार नाही. महिना-दोन महिन्यांत दिसायला लागेल. पण हे लपवलंत कशासाठी?"

देवसिंगानं अंगठ्यानं धनीबाईकडे खूण केली. "थेच पोतं हिनं एकटीनं आत नेलतं. मी घरी नसतानी. मले हललं नाई."

फकिरानं धनीबाईकडे नव्यानं पाहिलं. इंदुताईंनी चष्मा पुन्हा घातला आणि उठून पडदा ओढला. "बाई, तुम्ही या इकडे. तुमचाही डोळा बघू द्या."

"मले काय झालं?" धनीबाई गडबडली.

"दोन मणांचं पोतं एकटीनं हलवलंत ना? बघितलेलं बरं."

धनीबाईच्या डोळ्यांत थेंब पडले, बाहुल्या मोठ्या झाल्या. इंदुताईंनी दिवा लावून उजवा डोळा पाहिला, डावा पाहिला, पुन्हा उजवा पाहिला. "कमाल आहे," त्या म्हणाल्या. "एक थेंब नाही. एक शीरसुद्धा फुगलेली नाही. नाईक, तुमच्या बायकोची ताकद वेगळीच दिसते."

फकिराला एवढं पुरे होतं. मिळेल त्या मोटारीनं तो पुढे निघून गेला. ही बातमी शिळी होऊ देणं त्याच्यानं शक्यच नव्हतं.

नवराबायको मागच्या मोटारीत बसले. थेंबांमुळे दोघांनाही जवळचं धूसर दिसत होतं. लाडखेड गाव मागे पडलं. मग धनीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जमनीचे बा."

"काय?"

"म्या पोतं उचललंच नोतं."

देवसिंग तिच्याकडे वळला. दोन्ही डोळ्यांना मिळून त्याला एक धूसर, खाली घातलेलं डोकं दिसलं.

"शिवन उसवली, टोपल्याटोपल्यानं तुरी आत नेल्या. मंग रिकामं पोतं नेलं, भरलं आन शिवलं. दोन मनाचं पोतं कोनी बाई उचलते का?"

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"म्या कुठी खोटं बोलली? म्या म्हनलं, नेलं. उचललं उचललं तुमीच म्हनत होते." ती थोडा वेळ थांबली. "आन तुमचं तोंड असं झालं होतं... लय बरं वाटलं मले. वाटलं, राहू द्या दोन दिवस. तुमी लपून उचलाले जासान हे मले काय मालूम?"

आधी त्याला राग आला. मग त्याला गोठ्याशेजारच्या छपरातली बाज, एकमेकांचा हात धरून पळणारे भाऊ आणि मोतीबाई आठवली आणि त्याचं पोट हलायला लागलं. धनीबाईला वाटलं तो रडतो आहे. तिनं घाबरून त्याचा हात धरला, तेव्हा कळलं की हसतो आहे.

"हासू नोका," ती म्हणाली. "जोर पडंन."

तांड्यावर पोहोचेपर्यंत फकिरानं आपलं काम चोख केलं होतं. नाईकाला क्षय नाही, हे त्यानं सांगितलं. पण ते एका वाक्यात. बाकी सगळी कथा धनीबाईची होती. पोतं आता तीन मणांचं झालं होतं आणि यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं दिवा लावून, तपासून तिच्या ताकदीची खात्री दिली होती. बायका येऊन धनीबाईचे दंड चाचपून पाहू लागल्या. मोतीबाईनं तर बकऱ्यांच्या मालकाला निरोप धाडला की आता माझ्या बाजूनं धनीबाई आहे. धनीबाई दर वेळी काही सांगायला तोंड उघडी, आणि समोरच्या बाईचे कौतुकानं विस्फारलेले डोळे पाहून मिटून घेई. देवसिंगानं तिला अडवलं नाही आणि सोडवलंही नाही.

बातमी पुसदकडेही गेली. फाल्गुन लागायच्या आत रामधन आणि त्याची बायको सुखीबाई बैलगाडी जुंपून स्वतःच आले. सुखीबाई उंच, रुंद खांद्यांची बाई. गाडीतून उतरली तेव्हा गाडीचं जू वर गेलं. रामधन तिच्या खांद्याला लागेल एवढा, बारीक, मितभाषी. घोंगडी अंथरली गेली. गूळ-पाणी झालं.

"नाईक, मनात काई ठेवू नोका," सुखीबाईनंच सुरुवात केली. "मानसाच्या कानावर काई येते, मानूस भेते. पन मी घरी म्हनलं, जिची याडी, जिची माय एवढं पोतं एकटी उचलते, थे पोरगी मले पाह्यजे. आमच्या घरी निरे नाजूक मानसं हायेत." तिनं नाव न घेता रामधनकडे पाहिलं. रामधननं गुळाचा खडा तोंडात टाकला.

जमनी दाराआड उभी होती. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"तवा सगाई याच महिन्यात करू," सुखीबाई म्हणाली. "पन पयले मले थे पोतं दाखवा. आन धनीबाई, उचलून दाखवा एक वक्त. मले लय हौस हाय पाहाची."

धनीबाईचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तिनं देवसिंगाकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. आणि देवसिंग नाईक, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे तंटे सोडवले, तो पहिल्यांदाच स्वतःच्या घरातल्या तंट्यात पडला.

"नाई जमनार, विहीनबाई," तो गंभीरपणे म्हणाला. "डॉक्टरीनबाईनं बजावून सांगतलं हाय. श्वास कोंडून जोर केला का डोळ्यातली शीर फुटते. माह्यीच फुटली. आता या घरात कोनी पोतं उचलत नाई. टोपल्यानं नेतो आमी, जरा जरा."

"टोपल्यानं?" सुखीबाई हिरमुसली.

"टोपल्यानं," धनीबाई भरल्या आवाजात म्हणाली.

"पन पोतं कोनतं, थे त दाखवा."

ते दाखवण्यात धोका नव्हता. सगळे आतल्या खोलीत गेले. सुखीबाईनं पोत्याभोवती एक चक्कर मारली, त्याला वरून थापटलं, मग पाठ करून खाली बसली, दोन्ही हात खांद्यांवरून मागे नेऊन पोत्याचे कान धरले आणि उठून उभी राहिली. पोतं तिच्या पाठीवर होतं.

"हेच?" ती म्हणाली. तिला जरासुद्धा धाप लागली नव्हती. "कोठी ठेवू?"

देवसिंगानं धनीबाईकडे पाहिलं, धनीबाईनं देवसिंगाकडे. शेवटी जमनीनंच दाराआडून सांगितलं की तिथंच बरं होतं. सुखीबाईनं पोतं अलगद खाली ठेवलं, पदर झटकला आणि धनीबाईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आपलं दोघीचं जमंन." आणि दोघी चुलीकडे गेल्या. थोड्या वेळानं तिकडून जमनीचं गुणगुणणं ऐकू आलं.

पुरुषमंडळी बैलांना पाणी दाखवायला बाहेर आली. देवसिंगानं सवयीनं डावा डोळा मिटून पाहिलं. लाल डाग आता खाली ओघळून पिवळट, पातळ झाला होता; बैलाचा बराचसा भाग परत आला होता. रामधन त्याच्याशेजारी उभा होता. त्यानं एकदा घराकडे पाहिलं, मग बैलाच्या पाठीवर हात फिरवत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "थे डॉक्टरीनबाई कोठी बसते म्हनलं?"

"मोटर स्टँडच्या मांगं. काहून?"

"काई नाई. उगंच इचारलं."

देवसिंगानं त्याच्याकडे नीट पाहिलं. रामधनची मान किंचित वाकडी होती, एका डोळ्यानं जग चुकवून दुसऱ्यानं बघणाऱ्या माणसाची असते तशी.

"कवापासून?" देवसिंगानं विचारलं.

रामधननं घराकडे पाठ केली. "घरवाली लाकडं आनाले बाहेर गेलती तवापासून."

"पोतं?"

"नाई," रामधन म्हणाला. "उखळ. दगडाचं. थे रोज अंगनात आनून ठेवते."

देवसिंगानं मान डोलावली. बादली उचलायला तो वाकणार होता. मग त्याला आठवलं, आणि ती त्यानं पायानंच बैलापुढे सरकवली.

"उद्या सकाळच्या मोटारीनं मी संगं येतो," तो म्हणाला. "फक्त एक करजा. बाई इचारंन, त पयल्याच दिवशी सांगून टाकजा. फोटोचा खटला वाचते."